अंगातली चिप की मनगटावरचा ट्रॅकर: आत्या कशानं सापडेल?

मागच्या श्रावणात आत्या हरवली. नाशिकला काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. पहाटे रामकुंडावर जाऊन यायचं, ही तिची चाळीस वर्षांची सवय. त्या दिवशी ती परतलीच नाही. दुपारी दीडच्या सुमाराला निमाणी बस स्थानकावर फळं विकणाऱ्या एका मावशींना ती बाकावर बसलेली दिसली. नाव विचारलं तर माहेरचं सांगत होती. मुलाचा नंबर, घरचा पत्ता, काही म्हणता काही आठवेना. शेवटी स्टँडवरच्या एका रिक्षावाल्यानं तिला चेहऱ्यावरून ओळखलं आणि घरी आणून सोडलं.

रात्री आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, म्हणाला, "शेजारच्यांच्या लॅब्राडॉरला डॉक्टरांनी चिप बसवली आहे, तांदळाच्या दाण्याएवढी. आता सिंहस्थ येतोय, घाटावर पाय ठेवायला जागा नसेल. आईला तशी बसवता येते का बघ ना. कुठं गेली ते मोबाइलवर दिसेल."

त्याची काळजी खरी होती. पण त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एक झाल्या होत्या. हा घोटाळा मला इतक्या जणांच्या बोलण्यात दिसतो की नीट मांडून सांगावंसं वाटलं.

कातडीखालची चिप कोण आहे ते सांगते. कुठं आहे ते सांगणारा ट्रॅकर. चिपला आपण कुठं आहोत हे ठाऊकच नसतं.

यातला फरक मला एका बिबट्यामुळं पक्का कळला. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वन विभागानं बाहेर काढला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली, शेपटीजवळ चिप बसवली आणि माळशेज घाटात सोडून दिला. तिथून तो डोंगर, रेल्वे, महामार्ग ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं गेला. हा सगळा प्रवास कळला तो कॉलरमुळं. पुढं कॉलरकडून संदेश येणं थांबलं आणि आजोबा कुठं आहे हे कुणालाच कळेना. 2011 च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेनं एक बिबट्या मेला. शेपटीजवळ रीडर, म्हणजे चिप वाचणारं यंत्र, फिरवला, नंबर उमटला आणि हा आजोबाच हे कळलं. मधली अडीच वर्षं चिप त्याच्या अंगात होतीच, पण तो कुठं फिरतोय याबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिला ते सांगता येतच नाही.

चिप म्हणजे साधारण 12 मिलिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड काचेची नळी. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं आणि एक नंबर साठवलेला तुकडा. बॅटरी नाही. रीडर काही सेंटिमीटरवर आणला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून वेटोळ्याला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती नंबर सांगते. रीडर बाजूला नेला की पुन्हा मुकी. कुत्र्याच्या चिपमध्ये 15 आकडी नंबर असतो. माणसांसाठी अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळालेल्या व्हेरीचिपमध्ये तो 16 आकडी होता. नाव, पत्ता, औषधं यातलं काही चिपमध्ये नसायचं. ते सगळं दूर कुठंतरी नोंदवहीत, आणि चिपमध्ये फक्त त्या पानाचा क्रमांक.

ट्रॅकरचं काम पार निराळं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश पकडून तो स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला आपला पत्ता लागत नाही. तो फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतो, हिशेब आपल्या हातातलं यंत्र करतं. तो हिशेब घरच्यांपर्यंत पोचवायचा तर सिम हवं, रेंज हवी आणि या सगळ्याला बॅटरी हवी. हे सगळं मावेल एवढी जागा तांदळाच्या दाण्यात नाही. लसीतून अंगात चिप सोडतात ही अफवा करोनाच्या काळात आमच्या वाड्यापर्यंतही आली होती. लसीच्या सुईची आतली पोकळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी असते आणि चिप 2 मिलिमीटर जाड. एवढं सांगितल्यावर आमच्या काकूंनी दुसरा डोस घेतला होता.

मग माणसं चिप कशासाठी बसवून घेतात? मुख्यतः दार उघडायला. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाचे केविन वॉरविक यांनी 1998 साली स्वतःच्या दंडात चिप बसवली, तेव्हा ते आले की विभागाची दारं आणि दिवे आपोआप चालू व्हायचे. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधे चिप घेतली आणि 2017 पासून तिथल्या रेल्वेत तिकीट म्हणून हात पुढं करता येऊ लागला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका कंपनीच्या सुमारे 50 कर्मचाऱ्यांनी स्वखुशीनं चिपा घेतल्या. दार, संगणक आणि खाऊचं यंत्र, तिन्हींसाठी एकच हात. बेशुद्ध रुग्णाची ओळख पटवणं हा व्हेरीचिपचा मोठा दावा होता. पण प्रत्येक रुग्णालयात रीडर असेल तरच त्याला अर्थ. 2010 मध्ये तिची विक्री थांबली.

आता खाजगीपणाचं. "चिप घेतली की सरकार पाठलाग करेल" ही भीती मला चुकीच्या जागी वाटते. खरी भीती दुसरीकडं आहे आणि ती कमी नाही. व्हेरीचिपच्या नंबराला काहीच कुलूप नव्हतं. 2006 मध्ये जोनाथन वेस्टह्यूज यांनी एका पत्रकाराच्या दंडातल्या चिपची हुबेहूब नक्कल करून दाखवली. कार्ड चोरलं तर बँकेला फोन करून बंद करता येतं. दंडातला नंबर चोरला तर चिप काढायला डॉक्टरकडं जावं लागतं.

दुसरी भीती रीडरची. घोटीच्या टोलनाक्यावर फास्टॅगचं काय होतं ते आठवा. काचेवरच्या त्या चिठ्ठीतही बॅटरी नाही, जीपीएस नाही. पण ती वाचली गेली त्या क्षणी, किती वाजता कोणती गाडी नाक्यावरून गेली याची नोंद पडली. फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, अंगातली चिप हात टेकवल्याशिवाय नाही, हा दिलासा आहेच. पण सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात गेट, कँटीन, स्वच्छतागृह, सगळ्या दारांवर रीडर बसवले तर? कोण किती वेळा उठलं, किती वेळ बसलं, दिवसाचा अख्खा नकाशा तयार होईल, आणि चिपनं मात्र एकदाही "मी कुठं आहे" असं म्हटलेलं नसेल. ओळखपत्र सुट्टी झाली की खिशातून काढून ठेवता येतं, हात काढून ठेवता येत नाही.

आणि मालक "ऐच्छिक आहे" म्हणाला तर नको म्हणायची हिंमत कितीजणांची होईल? विस्कॉन्सिननं 2006 मध्येच कुणावरही चिपची सक्ती करायला कायद्यानं बंदी घातली, कॅलिफोर्नियात तसाच कायदा 2008 पासून लागू आहे. आपल्याकडं 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. शरीरात काय घालायचं हा प्रश्न त्या हक्काच्या अगदी गाभ्यातला.

ट्रॅकरचा खाजगीपणा मात्र आपण कधीच उधळून टाकलाय. मोबाइलच्या रूपात तो आपल्या खिशात आहे, रात्री उशाशी असतो, आणि पिठाची गिरणी शोधायलासुद्धा आपण त्याला आपली जागा सांगतो. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकेनं जीपीएस घड्याळं बांधली. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की जामिनावर सुटलेल्या माणसालाही "मोबाइलवरून तुझी जागा पोलिसांना सतत दिसू दे" अशी अट घालता येणार नाही. आरोपीला जो मान मिळतो तो झाडूवालीलाही मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आत्याकडं परत येते. 2007 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात अल्झायमर झालेल्या 200 जणांना चिप बसवायची योजना निघाली, तेव्हा लोकांनी हाच प्रश्न विचारला होता: ज्याला आज काय घडलं ते उद्या आठवणार नाही, त्याची संमती कशी घेणार? दादाला मी सांगितलं, "समज, बसवली चिप. निमाणीवरच्या त्या मावशींकडं रीडर होता का? पोलीस चौकीत आहे का? आणि असला, तरी उमटलेला नंबर कुठल्या वहीत शोधायचा?" तो बराच वेळ गप्प होता.

आम्ही सराफ बाजारातून चांदीचं एक कडं करून घेतलं. त्यावर आत्याचं नाव आणि दादाचे-वहिनींचे मोबाइल नंबर कोरले. पत्ता मुद्दाम घातला नाही. चिपचं काम ते कडं करतं आणि वाचायला अक्षरओळख पुरते. दुसऱ्या हातात सिमवालं जीपीएस घड्याळ. पंचवटीच्या अरुंद बोळांत ते कधी एक गल्ली अलीकडं दाखवतं, कधी पलीकडं. पर्वणीच्या गर्दीत रेंज मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्या दिवसांत कुणीतरी तिच्यासोबत असणारच. घड्याळावरची तिची जागा दादा आणि वहिनी यांच्याच फोनवर दिसते. कुटुंबाच्या ग्रुपवर ती टाकायची नाही असं ठरलंय.

हे सगळं आत्याला तिच्या एका बऱ्या सकाळी विचारलं. तिनं कडं फिरवून फिरवून पाहिलं. घड्याळाबद्दल म्हणाली, "देवपूजेला बसले की काढून ठेवीन." वहिनींनी लगेच हो म्हटलं. तेवढ्या वेळात ते देवघराशेजारच्या फळीवर चार्जिंगला असतं.