दहा ट्रान्झिस्टर, दहा आकडे

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण प्रोजेक्टचं सामान घ्यायला आलेल्या पोरांच्या तोंडी लॅमिंग्टनच. तिथे दहा बीसी ५४७ बी मागा, चिमटीएवढे काळे ट्रान्झिस्टर पुडीत बांधून मिळतात. दहाही जणांवर नाव एकच, पण गुण एक नाही. कंपनीची माहितीपत्रिकाच सांगते की 'बी' गटातल्या ट्रान्झिस्टरचा गेन २०० ते ४५० यांमध्ये कुठेही असू शकतो. कांदे-बटाटे याहून एकसारखे निवडून मिळतात.

गेन, म्हणजेच बीटा किंवा एचएफई. ट्रान्झिस्टरला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसमधून चिमूटभर प्रवाह सोडला की कलेक्टरमधून ओंजळभर वाहतो. ओंजळ चिमटीच्या किती पट, तो हा आकडा.

तो मोजायला ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून जोडायची पाटी), ९ व्होल्टची बॅटरी, दोन रेझिस्टर आणि मल्टिमीटर पुरतात. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. धन टोकापासून बेसपर्यंत ८२० किलोओहम, कलेक्टरपर्यंत १ किलोओहम. बेस आणि एमिटर यांच्यात साधारण ०.६५ व्होल्ट पडतात. उरलेले ८.३५ व्होल्ट ८२० किलोओहमवर, म्हणजे बेसचा प्रवाह जेमतेम १० मायक्रोअँपियर. आता मल्टिमीटर १ किलोओहमच्या दोन टोकांना लावा. तिथला १ व्होल्ट म्हणजे १ मिलिअँपियर, म्हणजे बेसच्या प्रवाहाच्या १०० पट. मीटरने २.६ दाखवले तर गेन सुमारे २६०. कागद-पेन्सिलही नको.

पाय मात्र उलटे लावू नका. एमिटर-बेस जोड उलट दिशेने ६ व्होल्टच सोसेल अशी हमी असते. ९ व्होल्टवर तो कोलमडू शकतो, आणि असं वारंवार झालं तर गेन कायमचा घटतो.

कोणी विचारेल, मल्टिमीटरवरच एचएफईचं गोल सॉकेट असतं, मग हा खटाटोप कशाला? सॉकेट एकाच प्रवाहाला मोजतं. इथे ८२० च्या जागी ८२ किलोओहम आणि १ किलोच्या जागी १०० ओहम लावले की दहापट प्रवाहाचा गेन कळतो, आणि तो पहिल्याशी जुळेलच असं नाही. शिवाय एवढ्या प्रवाहाला ट्रान्झिस्टर स्वतःच तापतो आणि डोळ्यांदेखत आकडा वर सरकत जातो. पहिल्या मांडणीतही दोन बोटांत धरून ठेवलात तर थोडा चढतोच. त्याच वेळी बेस-एमिटरमधला व्होल्टेज उतरत असतो, दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट. याच गुणावर तापमापकही बनतात.

आता खरी गंमत. बेसचा प्रवाह खात्रीने कळावा म्हणून ८२० किलोओहमवर मीटर लावायचा मोह होतो. स्वस्तातल्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १ मेगाओहमच असतो. तो समांतर बसला की दोघांचा मिळून रोध ४५० किलोओहमच्या आसपास उतरतो आणि बेसचा प्रवाह जवळपास दुप्पट होतो. मोजायला गेलेला पाहुणाच घरचं अर्धं जेवून जातो! त्यापेक्षा बॅटरीचा व्होल्टेज वेगळा मोजा (नवी बॅटरी बरेचदा ९ पेक्षा जास्तच दाखवते), ०.६५ वजा करा, ८२० किलोओहमने भागा.

जुन्या रेडिओतला एसी १२८ सापडला तर त्यालाही बसवा. तो जर्मेनियमचा आणि पीएनपी, म्हणजे प्रवाह उलट दिशेने चालणारा, म्हणून बॅटरी उलटी. आधी बेसचा रेझिस्टर काढून ठेवा. बीसी ५४७ सारखा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अशा वेळी मीटरवर शून्य दाखवतो. जर्मेनियमवाला बेस मोकळा असतानाही गळत असतो. ०.३ व्होल्ट गळती दिसली तर गेनमध्ये ३० खोटे मिसळणार, ते आधी वजा करायचे. ही गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी गिरगावातल्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर घेतलेला आकडा आणि जानेवारीच्या पहाटे तिथेच घेतलेला आकडा एकाच ट्रान्झिस्टरचा वाटणार नाही.