व्होल्टेज उतरवा, पण वॉटलाही लगाम घाला

छोट्या पेटीतला संगणक घोंगावतो तो पंख्यामुळे, आणि पंखा धावतो तो प्रोसेसरच्या उष्णतेमुळे. १७० बाय १७० मिलिमीटरच्या मिनी-आयटीएक्स बोर्डावर जेव्हा जेमतेम ३७ मिलिमीटर उंचीचा कूलर मावतो, तेव्हा मोठा हीटसिंक लावू म्हटलं तरी जागा नसते. अशा वेळी उष्णता मुळातच कमी निर्माण करणं हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. त्यासाठी नवा सुटा भाग लागत नाही. बायोसमधल्या (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या बोर्डाच्या मेनूतल्या) दोन-तीन सेटिंग्ज आणि भरपूर चाचणी पुरते.

ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच; त्याच्या प्रत्येक उघडझापीत थोडा विद्युतभार साठतो आणि रिकामा होतो. त्यात खर्च होणारी शक्ती क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या दर सेकंदाच्या ठोक्यांच्या, प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणून १.२५ व्होल्टवर चालणारी चिप त्याच वेगाने १.१५ व्होल्टवर चालली, तर व्होल्टेज ८ टक्केच उतरतं, पण या उघडझापीची शक्ती सुमारे १५ टक्क्यांनी घटते. शिवाय बंद ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह गळत असतो. ही गळती व्होल्टेजबरोबर आणि तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे चिप थंड झाली की तीही आपोआप कमी होते.

एवढी सवलत शिल्लक राहते कशी? एकाच वेफरमधून (सिलिकॉनच्या चकतीतून) निघालेल्या चिपसुद्धा अगदी सारख्या नसतात. उत्पादक व्होल्टेज ठरवतो तेव्हा कडक तापमान, सुमार बोर्ड, वर्षानुवर्षांच्या वापराने येणारी झीज हे सगळं धरून वर राखीव भर टाकतो. तुमच्या चिपला त्यातली बरीचशी भर बहुधा लागतच नाही. नेमकी किती लागत नाही, हे मात्र चाचणीशिवाय कळत नाही.

पुष्कळांची निराशा होते ती पुढच्या टप्प्यावर. व्होल्टेज उतरवलं, संगणक नीट चालला, पण तापमान जिथल्या तिथे! कारण आजचा प्रोसेसर शक्ती, प्रवाह आणि तापमान यांच्या मर्यादांपर्यंत स्वतःच वेग वाढवत नेतो. व्होल्टेज कमी केल्यावर वाचलेले वॉट तो जास्तीच्या वेगात खर्च करून टाकतो. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच चिप तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच आखलेल्या आहेत. शांतता हवी असेल तर शक्तीची मर्यादा आधी बांधावी आणि व्होल्टेज नंतर उतरवावं. मर्यादा बांधण्यात यंत्र अस्थिर होण्याचा धोका जवळपास नाही, आणि बहुतेक फायदा तिथेच पदरात पडतो. शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज फार चढवावं लागतं; तेवढे सोडून दिले तर वेगाचा तोटा थोडा आणि उष्णतेतली बचत मोठी.

रायझनमध्ये ही मर्यादा पीपीटी नावाने दिसते. १०५ वॉटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपला प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत मुभा असते; इको मोड या कमी शक्तीच्या पर्यायात ६५ वॉट निवडले की ती ८८ वर येते. इंटेलमध्ये पीएल१ ही दीर्घकाळची आणि पीएल२ ही थोड्या वेळाची मर्यादा. अनेक बोर्ड या दोन्ही जवळजवळ मोकळ्या सोडतात, म्हणून इथे बायोसच्या ‘ऑटो’वर विसंबू नये. कूलरला सोसतील तेवढे वॉट स्वतः लिहावेत. हिशेब सोपा आहे: कूलर दर वॉटमागे ०.७ अंश वाढ देत असेल, तर ३० अंशांच्या हवेत ६० वॉटला ७२ अंश, ५० वॉटला ६५.

आता व्होल्टेज. ते कायमचं एका आकड्यावर खिळवू नये, ऑफसेट द्यावा, म्हणजे चिप मागेल त्यातून ठरावीक वजाबाकी करावी; त्यामुळे कमी कामात ते पूर्वीसारखंच खाली उतरतं. रायझन ५००० पासून त्यासाठी बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर हा पर्याय मिळतो. त्याची एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. सर्व कोरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-विभागांना) उणे १० पायऱ्या देऊन सुरुवात करावी आणि ५-५ ने खाली जावं. सर्वांत वेगवान असे दोन कोर बहुधा आधी कुरकुरतात. त्यांना कमी उणे आणि बाकीच्यांना जास्त, अशी विभागणी करावी. इंटेलवर अडॅप्टिव्ह (वेगानुसार बदलत्या व्होल्टेजच्या) पद्धतीत उणे ३० मिलिव्होल्टपासून १०-१० ने उतरावं. काही संगणकांत हा पर्यायच कुलूपबंद असतो: २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट हा हल्ला उघड झाला, त्यात व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातली गुपितं काढता येत होती. त्यानंतर बायोस अपडेटमधून ही सोय अनेक ठिकाणी बंद झाली. तिथे शक्तीच्या मर्यादेवरच समाधान मानावं, तेही पुरेसं असतं.

जड चाचणी तासभर तगली म्हणजे काम झालं, हा समज घातक आहे. सगळे कोर राबतात तेव्हा वेग मध्यम असतो. एकट्या कोरने सर्वोच्च वेग गाठायचा क्षण हलक्या कामात येतो, आणि यंत्र गोठतं किंवा अचानक रीस्टार्ट होतं ते तेव्हाच. म्हणून प्राइम९५ किंवा ओसीसीटी या जड चाचणीच्या प्रोग्रॅमच्या जोडीला कोरसायकलरसारख्या साधनाने एकेक कोर रात्रभर तपासावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘व्हिया-लॉगर’ची (हार्डवेअरच्या चुकीची) एक जरी नोंद दिसली तरी दोन पायऱ्या मागे यावं, संगणक बंद पडला नाही म्हणून ती सोडून देऊ नये. मेमरी वाढीव वेगाने चालवणारा एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चाचणीपुरता बंद ठेवावा, नाहीतर दोष कुणाचा हेच कळत नाही.

आणखी एक फसवी खूण. तापमान झपाट्याने उतरलं, क्लॉकचा आकडा तोच, पण वेग मोजणाऱ्या सिनेबेंच चाचणीचे गुण घसरले. इथे व्होल्टेज अपुरं पडताच प्रोसेसर स्वतःला सावरण्यासाठी क्लॉकचे ठोके लांबवतो. एचडब्ल्यूइन्फो या मोजमापाच्या प्रोग्रॅममधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षातला वेग) पाहावा: पूर्ण भारातही तो दाखवलेल्या क्लॉकपेक्षा बराच खाली असेल तर उतरणं जास्त झालं आहे. म्हणूनच प्रत्येक पायरीवर तापमान, वॉट आणि गुण हे तिन्ही लिहून ठेवावेत.

हात घालण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की जवळ असू द्यावी. संगणक सुरूच झाला नाही तर सीमॉस रीसेट करावं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणाव्या लागतात, आणि त्यानंतर विंडोज ती मागू शकतं.

वॉट कमी झाले तरी पंख्याला ते कोणी सांगितलेलं नसतं. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा त्यामागे वर-खाली होत राहतो. कानाला सर्वांत खुपतो तो हा चढउतार. ६० अंशांपर्यंत पंख्याचा वेग सपाट ठेवावा, पुढे हलका चढ द्यावा, प्रतिसादाला तीन ते पाच सेकंदांचा विलंब लावावा. मिनिटाला २००० फेऱ्यांवरून १४०० वर आलं की आवाज ढोबळमानाने ८ डेसिबलने उतरतो. पंखा जाळीला अगदी खेटून असेल तर मात्र कमी वेगातही गुणगुणतो. तिथे पाच-दहा मिलिमीटरचं अंतर ठेवून कडेची फट फोमने बंद करावी, म्हणजे पेटीतली तापलेली हवा पुन्हा आत ओढली जात नाही.

बायोस अपडेट केल्यावर ही सारी सेटिंग्ज बहुधा पुसली जातात. जुने आकडे परत भरता येतात, पण नव्या बायोसमध्ये व्होल्टेजची वागणूक बदललेली असू शकते, म्हणून एकेका कोरची ती रात्रभराची चाचणी तेव्हा पुन्हा घ्यावी.