इथेरियम आणि सोलाना : वाढक्षमता व विकेंद्रीकरण

ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली एकच वही. इथेरियम आणि सोलाना या अशाच दोन वह्या. ती सेकंदाला किती व्यवहार पेलते ही तिची वाढक्षमता. तिची प्रत किती जण, कोणाला न विचारता, स्वतः ठेवू आणि तपासू शकतात, हे विकेंद्रीकरण. या दोहोंना सुरक्षितता जोडली की तिन्ही एकदम साधणे अवघड, हा पेच इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी 'ट्रायलेमा' या नावाने मांडला.

इंदूरकराला हा पेच नवा नाही. होळकरांच्या काळी इथल्या व्यापाऱ्यांचे तंटे 'ग्यारह पंच' ही अकरा जणांची संस्था मिटवत असे. अकरा जण एका बैठकीत निकाल देऊ शकतात. दिवसा पेढ्यांच्या आणि रात्री खाऊच्या साऱ्या सराफा बाजाराचा कौल घ्यायचा म्हटले, तर पेढ्या बंद होऊन ओट्यांवर खाऊची दुकाने लागायची वेळ येईल.

इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. १५ सप्टेंबर २०२२ ला त्याने विजेचा धूर काढणारे 'मायनिंग', म्हणजे संगणकांच्या आकडेमोडीच्या शर्यतीने वही लिहिणे, सोडून ठेव अडकवणाऱ्यांनी वही पडताळायची पद्धत घेतली. दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक, म्हणजे वहीतले व्यवहारांचे एक पान. मूळ साखळीवर व्यवहारांचा वेग बराच काळ सेकंदाला १५ च्या आसपास राहिला. मार्च २०२० मध्ये आलेल्या सोलानाचा ब्लॉक साधारण ०.४ सेकंदाचा आणि व्यवहार हजारांत. अर्थात या हजारांत मोठा वाटा पडताळणाऱ्यांनी 'हे पान बरोबर' म्हणून दिलेल्या आपसातल्या मतांचा असतो, हे जाहिरातीत सहसा येत नाही. व्यवहार कायमचा पक्का व्हायला इथेरियमवर सुमारे १३ मिनिटे लागतात, सोलानावर सुमारे १३ सेकंद.

रात्री सराफ्यात तळलेल्या गराडू कंदावर मसाला भुरभुरून होईतो गल्ल्याजवळची डबी 'साठ रुपये प्राप्त हुए' म्हणून मोकळी होते. त्या यूपीआयवर ऑक्टोबर २०२४ मध्ये १,६५८ कोटी व्यवहार झाले, म्हणजे सरासरी सेकंदाला सहा हजारांवर. पण ती वही एका संस्थेच्या हाती असते. वेगाची तुलना करताना एवढे ध्यानात असावे.

खरा फरक वही कोण ठेवू शकतो, यात आहे. इथेरियमची प्रत चांगल्या घरगुती संगणकावर, मोठी एसएसडी लावून, राजवाड्यामागच्या एखाद्या खोलीतूनही चालवता येते. पडताळणीत भाग घ्यायला मात्र ३२ ईथर (इथेरियमचे चलन) ठेव म्हणून अडकवावे लागतात. सोलानाला २५६ जीबी किंवा अधिक रॅमचा सर्व्हर आणि दणकट इंटरनेट हवे, शिवाय मतदानाचे शुल्क रोज एक सोलच्या (सोलानाचे चलन) आसपास जाते. छोट्या पेढीला हे परवडत नाही. तरीही इथेरियमच्या सुमारे दहा लाख पडताळणी-खात्यांना दहा लाख माणसे समजू नये. एकच संस्था हजारो खाती चालवते.

संकटात हा फरक उघडा पडतो. सोलाना १४ सप्टेंबर २०२१ रोजी स्वयंचलित व्यवहारांच्या लोंढ्याने सुमारे १७ तास बंद पडले. ६ फेब्रुवारी २०२४ ला एका सॉफ्टवेअर-दोषाने सुमारे ५ तास. जवळपास सगळे एकाच मूळ सॉफ्टवेअरवर असल्याने सगळेच एकदम अडले, आणि जाळे पुन्हा उभे करायला पडताळणाऱ्यांना आपसात ठरवून एकत्र यावे लागले. मे २०२३ मध्ये इथेरियमवरही दोन दिवस ओळीने व्यवहार पक्के होणे काही काळ थांबले, पण ब्लॉक येत राहिले. कारण वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली सॉफ्टवेअरे तिथे शेजारी शेजारी चालतात आणि त्यांतली सगळी एकाच ठिकाणी ठेचकाळली नाहीत.

मूळ वही हलकी ठेवून गर्दी वरच्या थरांवर, म्हणजे 'रोलअप'वर, पाठवायची हा इथेरियमचा तोडगा आहे. १३ मार्च २०२४ च्या सुधारणेनंतर तिथले शुल्क खूप उतरले. मात्र आर्बिट्रम, बेस यांसारख्या थरांवर व्यवहारांचा क्रम लावण्याचे काम सुरुवातीपासून एकेका संस्थेकडेच राहिले आहे. अकरा पंच परवडले, इथे एकच.