तांदूळ निवडावेत तशा मूलपेशी

नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकूंनी परवा मनगटावरचा नवा पट्टा दाखवला. आत चुंबकाचे चार गोल तुकडे. रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतो, रक्ताभिसरण सुधारतं, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. "तू विज्ञान शिकलायस, खरं असेल का रे?"

नाही काकू. खिळ्यात लोहाचे असंख्य अणू एकमेकांच्या धाकानं एकाच दिशेला वळलेले असतात. हिमोग्लोबिनच्या रेणूत लोहाचे अणू चारच, तेही दूरदूर. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच सरतं. एमआरआयच्या दीड टेस्लाच्या, म्हणजे जबरदस्त चुंबकाच्या, नळीतून माणसं धडधाकट बाहेर येतात. पट्ट्यावर पैसे घालवू नका.

तरीही चुंबकानं पेशी वेगळ्या करता येतात. फक्त लोह बाहेरून चिकटवावं लागतं.

उंदराच्या मांडीच्या आणि नडगीच्या हाडांतली मज्जा धुऊन काढली की काही कोटी पेशी हाती येतात. साऱ्या रक्ताची आई असलेली मूलपेशी (स्टेम सेल) त्यांत दहा हजारांत एकही भरत नाही. तिला थेट पकडावं, तर फक्त तिच्याच अंगावर असेल अशी एकही खूण नाही. 'स्का-१' हे प्रथिन काही टी-पेशींवरही असतं, 'सी-किट' मास्ट पेशींवरही. म्हणून आपण तांदूळ निवडतो तसं करायचं: खडे उचलायचे, तांदूळ ताटातच राहू द्यायचे. टी-पेशी, बी-पेशी, भक्षक पेशी, तांबड्या पेशी अशा वयात आलेल्या प्रत्येक पेशीला ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं, मिसळतात. त्यांना बायोटिन हे जीवनसत्त्व जोडलेलं असतं. मग बायोटिनला धरणारे, लोहाच्या ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण घालतात. पेशी कणाच्या दीडशेपट मोठी, त्यामुळे तिला त्यांचा भार होत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. एवढ्याशा कणांना चुंबकानं ओढायचं कसं? नुसता जबरदस्त चुंबक पुरत नाही. चुंबकीय क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर कणाचा उत्तर ध्रुव जेवढ्या जोरानं एकीकडे ओढला जातो, तेवढ्याच जोरानं दक्षिण ध्रुव दुसरीकडे. कण वळेल, पण सरकणार नाही. ओढ लागते ती क्षेत्र जिथे झपाट्यानं बदलतं तिथे. म्हणून चुंबकाच्या तोंडाशी ठेवलेल्या नळीत पोलादी गोळ्या किंवा तंतू भरतात. तेही चुंबकित होतात, आणि त्यांच्या पृष्ठभागालगत अगदी थोड्या अंतरात क्षेत्र एकदम उतरतं. द्रव गोळ्यांच्या फटींतून झिरपताना कणवाल्या पेशी तिथेच अडकतात, बाकीच्या खाली थेंबथेंब गळतात. कण इतके लहान की चुंबक दूर केला की त्यांचं चुंबकत्व उरत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटून गुठळ्याही करत नाहीत. ही पद्धत जर्मन संशोधक स्टेफान मिल्टेनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली.

खाली गळलेलं हेच आपलं धन. त्यातून सी-किटवाल्या पेशी याच युक्तीनं, पण या वेळी अडकवून, वेगळ्या करतात; मग चुंबक काढून नळी धुतली की त्या बाहेर येतात. त्यांतल्या स्का-१ असलेल्या, आणि त्यांतही सीडी१५० हे प्रथिन असलेल्या पण सीडी४८ हे नसलेल्या पेशी लेझरच्या यंत्रानं वेचतात.

खरी परीक्षा पुढे. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी मज्जा किरणांनी नष्ट केलेल्या उंदरांत एकेकच निवडक मूलपेशी सोडली. रक्त बनायला वेळ लागतो, तोवर जगावं म्हणून सोबत साध्या मज्जेच्या पेशीही दिल्या. काही उंदरांत त्या एकट्या पेशीपासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी तयार झाल्या.

गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल' विकणाऱ्या जाहिरातींना यातलं काहीही लागू नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेव्हा मान्य उपचार एकच होता, रक्ताच्या विकारांसाठी रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या केंद्रात ते होतं. माणसाच्या बाबतीत मात्र खूण उलटी: आपल्या रक्तमूलपेशी सीडी३४ या प्रथिनावरून ओळखतात, आणि प्रौढ उंदराच्या अस्सल मूलपेशींवर ते जवळपास नसतंच.