जितकी भीती मोठी, तितका परिणाम मोठा?

निपाणी-चिकोडी भागात तंबाखूवर कित्येक घरांची चूल पेटते आणि तिथेच एक जुना समजही पक्का रुजलेला आहे: माणसाला जितके घाबरवावे, तितका तो लवकर सुधारतो. हा समज अर्धवट आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयी पुस्तिका वाचायला दिल्या होत्या. काहींतील वर्णन व छायाचित्रे भयंकर होती, काहींतील सौम्य. भयंकर पुस्तिका वाचणारे अधिक हादरले, पण प्रत्यक्ष लस घेण्यात त्याने फरक पडला नाही. फरक पडला तो आरोग्य केंद्राचा नकाशा आणि तिथे कधी जायचे हे ठरवून ठेवण्याची सूचना मिळाल्यामुळे: अशांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली, इतरांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी. मात्र भीती न दाखवता नुसता नकाशा दिलेल्यांपैकी कोणीच गेले नाही, म्हणजे भीती अगदीच निरुपयोगी आहे असेही नव्हे.

आपल्याकडे विडी-सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागा इशाऱ्याला दिलेली आहे; व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक मात्र पाकिटावर २०१८ मध्ये आला. टपरीवर पाकिटावरच्या चित्रावर अंगठा ठेवून विडी काढणारे गृहस्थ आपण पाहतोच. भीती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असते, म्हणूनच अंगठा नेमका तिथे असतो. क्रमांकही बहुधा त्याच अंगठ्याखाली जातो.