रामन आणि आयआर: क्रिस्टल तोच, मग पीक कुठं गेलं?

रामन (लेसरचा विखुरलेला प्रकाश बघायचा) आणि आयआर (इन्फ्रारेड प्रकाश किती शोषला गेला ते बघायचं), दोन्ही ग्राफच्या खाली तेच सेंटीमीटर इन्व्हर्स (कंपनाच्या फ्रिक्वेन्सीचं एकक, पुढचे ५२० सारखे आकडे यातलेच), दोन्हीत अणूंची कंपनंच, त्यामुळे बरेच एमएस्सीवाले धरून चालतात की एकच माप दोन मशीनवर घेतलंय. तसं अजिबात नाहीये, आणि ते पटवायला सिलिकॉनचा तुकडा पुरतो.

तो रामनखाली ठेवा, ५२० च्या आसपास एकच उंच, बारीक पीक येतं, इतकं भरवशाचं की कित्येक लॅबमध्ये मशीन कॅलिब्रेट करायला हाच तुकडा वापरतात. आता तोच तुकडा एफटीआयआरमध्ये, म्हणजे आयआर मोजायच्या मशीनमध्ये घाला, ५२० ला तसलं काहीच दिसत नाही. कंपन तर चालूच आहे की!

आयआरमध्ये फोटॉनची आणि कंपनाची फ्रिक्वेन्सी जुळावी लागते, मग तो फोटॉन अख्खा शोषला जातो, पण त्यासाठी अणू हलताना डायपोल, म्हणजे प्लस-मायनस चार्जमधली फारकत, बदलायला हवा. सिलिकॉनच्या प्रिमिटिव्ह सेलमध्ये (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा सगळ्यात छोटा घटक) दोन अणू आणि दोन्ही सिलिकॉनच, ते एकमेकांच्या उलट दिशेला हलले तरी प्लस एकीकडे मायनस दुसरीकडे असं काही होतच नाही, मग प्रकाशाचं इलेक्ट्रिक फील्ड पकडणार कशाला? रामनमध्ये मात्र लेसर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा, त्याच्या फोटॉनची एनर्जी या कंपनाच्या तीसपटीहून जास्त, म्हणजे जुळायचा प्रश्नच नाही. बॉन्ड ताणला-दबला की इलेक्ट्रॉन किती सहज सरकतात, म्हणजे पोलरायझेबिलिटी, ती बदलते, आणि विखुरलेल्या प्रकाशातला अगदी नगण्य हिस्सा ५२० एवढी एनर्जी क्रिस्टलमध्ये सोडून साधारण ५४७ नॅनोमीटरला बाहेर येतो. बाकी जवळजवळ सगळा ५३२ लाच परत येतो, तो फिल्टरने अडवला नाही तर त्यात हे पीक बुडूनच जाईल.

मिठात बरोबर उलटं. सोडियम प्लस, क्लोरीन मायनस, ते उलटसुलट हलले की डायपोल दणकून बदलतो, आयआरमध्ये १६४ च्या आसपास जबरदस्त शोषण, आणि रामनमध्ये फर्स्ट ऑर्डरचं, म्हणजे एकेकट्या कंपनाचं, एकही पीक नाही, कारण तिथं प्रत्येक आयन इन्व्हर्जन सेंटरवर बसलेला, म्हणजे अशा बिंदूवर की ज्यातून सगळं आरपार उलटवलं तरी क्रिस्टल तसाच राहतो. (हे १६४ साध्या केबीआर पेलेटवर, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या दाबलेल्या गोळीवर, शोधू नका, ४०० च्या खाली केबीआर स्वतःच प्रकाश खातं, फार-आयआर म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या आयआरची सोय लागते.) सरळ नियम असा की इन्व्हर्जन सेंटर असलेल्या क्रिस्टलमध्ये जो मोड, म्हणजे कंपनाचा प्रकार, एकीकडे दिसतो तो दुसरीकडे दिसत नाही. गॅलियम आर्सेनाइडला ते सेंटर नाही, म्हणून त्याचा २६८ चा मोड दोन्हीकडे दिसतो.

आता खरी फसगत. सिलिकॉन वेफरच्या (पातळ चकतीच्या) एफटीआयआरमध्ये ६१० च्या आसपास आणि ११०७ ला पीक असतात, आणि रिपोर्टमध्ये सर्रास ‘सिलिकॉनचा फोनॉन’ (फोनॉन म्हणजे क्रिस्टलच्या कंपनाचा क्वांटम) म्हणून लिहिलेले सापडतात. ६१० चं पीक लॅटिसचंच, म्हणजे सिलिकॉन अणूंच्या मांडणीचंच आहे, पण दोन फोनॉन मिळून झालेलं शोषण आहे ते, आणि ११०७ तर सिलिकॉनमध्ये अडकलेल्या ऑक्सिजनचं, वेफरमधला ऑक्सिजन मोजायला तेच वापरतात. ५२० शी या दोघांचा संबंध जोडू नका, प्लीज.

एक गोष्ट मला मनापासून आवडते: १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन द्रवांवर हे विखुरणं बघत होते, आणि त्याच वर्षी मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना तेच क्वार्ट्झच्या क्रिस्टलमध्ये दिसलं. म्हणजे क्रिस्टल या गोष्टीत पहिल्या वर्षापासूनच आहे.

दोन्ही ग्राफ एकमेकांवर चढवून पीकच्या उंचीची तुलनाही करू नका, एकीकडे डायपोलचा बदल मोजलाय, दुसरीकडे पोलरायझेबिलिटीचा. आणि रामनमध्ये ५२० चं पीक जरा खाली सरकलेलं, रुंद झालेलं दिसलं तर लगेच स्ट्रेन-बिन (क्रिस्टलमधला ताण) म्हणू नका, आधी लेसरची पॉवर कमी करून परत घ्या, बऱ्याचदा सॅम्पल नुसतं तापलेलं असतं.