कटिंग चहाएवढं पाणी अन् ट्रकचं इंजिन

सप्टेंबर २०२५ मधे सीना अन् मांजरा पात्र सोडून वाहिल्या तेव्हा आमच्याकडं चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू यायचं, डिझेल गाडी हाय, पाण्यात काय होत नाही. हे अर्धं खरं आहे. पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते, प्लगची वायर भिजली की ते फडफडतं. डिझेलला ठिणगीच नसते, पिस्टन हवा दाबून दाबून साधारण सतराव्या हिश्शावर आणतो, ती ५०० डिग्रीच्या वर तापते अन् त्यात डिझेलचा फवारा पडला की भडका. जुन्या, डिझेलचा पंप इंजिनच्याच जोरावर फिरणाऱ्या गाडीला तर एकदा चालू झाल्यावर बॅटरीही लागत नव्हती. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत मात्र जिकडंतिकडं सेन्सर अन् वायरिंग, तिथं एवढी छाती काढू नये.

पण खरा धोका हवा ओढायच्या तोंडाला. काही गाड्यांत ते केबिनच्या मागं उंच असतं, काहींत बरंच खाली. एक लिटरच्या सिलिंडरमधे पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरते साधारण ६० मिली जागा, म्हणजे आपला कटिंग चहा. हवा दबते, पाणी दबत नाही. तेवढ्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं की पिस्टन वर यायला जागाच नाही, मग पिस्टनला खालून धरणारा दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. आमच्या चुलत्याची गाडी लातूरला सोयाबीन टाकून रिकामी येताना ओढ्यात बंद पडली, क्लीनर पोरानं घाबरून सेल्फ मारला, खट्ट असा एकच आवाज, अन् इंजिनचं काम निघालं. सेल्फ मारलाच नसता तर नोझल (डिझेलचा फवारा मारणारं तोंड) काढून, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढता आलं असतं.

त्यात गाडी रिकामी. पाणी गाडीला खालून उचलतं, भरलेली गाडी बूड टेकून राहते, रिकामीची चाकं हलकी होतात. अन् धारेचा वेग दुप्पट झाला की ढकलायचा जोर चौपट होतो, म्हणून वाहत्या पाण्यात फरशी (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) दिसत नसेल तर चुलते आता सरळ गाडी बाजूला लावून जेवायला बसतात.

साचलेलं पाणी असेल अन् जायचंच असेल तर आधी कुणीतरी काठीनं खोली बघायची, मग पहिला किंवा दुसरा गिअर टाकून एकसारखी रेस ठेवत हळू जायचं. मधे गिअर बदलायचा नाही, रेस सोडायची नाही, कारण सायलेन्सरमधनं धूर जोरात निघतोय तोवर पाणी आत शिरत नाही. हळू गेल्यावर पुढं एक लाट तयार होते अन् तिच्यामागं इंजिनपाशी पाणी जरा खाली राहतं, जोरात घातली की तीच लाट हवेच्या तोंडात.

बाहेर आल्यावर ब्रेक लागत नाहीत, ड्रम ओले असतात, थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची म्हणजे घासून सुकतात. अन् मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअर अन् ऑईल असलेला गोळा, विसरू नका. तापलेलं हौसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते अन् ब्रीदरमधनं (हवा जायच्या बारीक भोकातनं) पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी बोल्ट खोलून बघा, ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते सगळं काढून नवीन भरा.